थिबाच्या बुद्धाला भेटून आलो

कोल्हापूर,
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय गडणी,

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच "अगं पण" करत बसली असतीस, म्हणून लिहितेय. पाय ठणकतायत, आई शेजारी घोरतेय आणि मला झोप नाही.

आज आम्ही दोघी रत्नागिरीला जाऊन आलो. ठरवून नाही हं! सकाळी साडेसहाला भाच्याला पुण्याच्या गाडीत बसवायला सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवर, गेले होते, आई उगाच बरोबर आलेली. त्याची गाडी हलली आणि शेजारच्या फलाटावर रत्नागिरीची पाटी लागली. आई पाटीकडे बघत म्हणाली, "समिंदर बघून किती वरसं झाली गं?" मी गमतीनं म्हटलं, "चल की." तर ही बाई पदर खोचून उठलीच! माझ्या पर्समध्ये बाराशे रुपये, मोबाईल एकतीस टक्के, आणि ओट्यावर दूध तापवून तसंच उघडं ठेवलेलं. शेजारणीला फोन करून तेवढं फ्रिजमध्ये टाकायला सांगितलं.

तिकिटाची तर मजाच. पंच्याहत्तरीच्या वर गेलेल्यांना एसटी फुकट आणि २०२३ पासून आपल्या बायकांना अर्धं. आधार कार्ड आईच्या चंचीत कायमचं असतं, मंगळसूत्रासारखं. दोघींत मिळून अर्धं तिकीट! कंडक्टर म्हणाला, "आजी, तुमच्यामुळं मी तोट्यात." आई म्हणाली, "मग खिडकी तरी दे."

रस्ता तुला पाठ आहे. पंचगंगा ओलांडली, केर्लीपाशी जोतिबाच्या डोंगराला आईनं हात जोडले. तिचं सगळं असंच, जोतिबाही आणि बुद्धही. पोहाळ्याची लेणी आठवतात? शाळेच्या सहलीत तू तिथल्या अंधारात रडलेलीस. ती बौद्ध लेणी आहेत हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं, सगळे "पांडवांनी केली" म्हणायचे. मलकापूरला चहा झाला. आंबा घाटात आईनं आल्याचा तुकडा दाढेखाली धरला आणि डोळे मिटले, ते साखरपा आल्यावर उघडले. नाणीज, पाली, हातखंबा. अकराच्या सुमाराला रत्नागिरी.

मला वाटलेलं, सरळ भाट्याच्या पुळणीवर जाऊ, पाय भिजवू, जेवू, परत. पण रिक्षावाल्यानं "थिबा पॅलेस बघणार का?" विचारलं आणि आईनं विचारलं, "तितं काय हाय?" तो म्हणाला, "बुद्ध आहे." झालं!

राजवाडा लांबून बघितलास तर सरकारी बंगला वाटेल. लाल, उतरत्या छपराचा, अर्धगोल नक्षीदार लाकडी खिडक्यांचा. १९१० मध्ये बांधून झाला. थिबा हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि त्याला राणी सुपायलतसकट इकडं आणून टाकलं. त्याआधी दिल्लीच्या बादशहाला, बहादूरशहा जफरला, त्यांनी रंगूनला नेऊन ठेवलेलंच होतं. म्हणजे इकडचा तिकडं, तिकडचा इकडं. आणि कहर म्हणजे, टिळक जन्मले रत्नागिरीत आणि १९०८ पासून सहा वर्षं कोंडले गेले मंडालेत, तेव्हा मंडालेचा राजा रत्नागिरीत कोंडलेला! इतिहासाच्या बाईंनी हे एका वाक्यात सांगितलं असतं तर मी तो विषय घेतला असता.

आईला यातलं काही नको होतं. "बुद्ध कुटं हाय?" एवढंच. तो राजवाड्याच्या मागच्या बाजूला आहे. राजानं येताना बरोबर आणलेली मूर्ती म्हणून सांगतात. देऊळ नाही, घंटा नाही, हार विकणारं कुणी नाही. आईनं चपला काढल्या आणि तेवढ्यात उजव्या चपलेचा अंगठाच तुटून तिच्या हातात आला. कोल्हापुरी, गेल्या वर्षीच घेतलेली. मी वैतागले. तिनं ती तुटकी चपल भिंतीकडेला नीट ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि हळू आवाजात "बुद्धं शरणं गच्छामि" सुरू केलं. विहारात म्हणते तसं सुरात नाही. घरातल्या माणसाची चौकशी करावी तसं. मी आपली खांबाला टेकून उभी. एक खार खाली आली आणि परत गेली.

नंतर तिनं विचारलं, "मग ह्यो परत ग्येलाच न्हाई?" मी सांगितलं, नाही. नव्या वाड्यात जेमतेम सहा वर्षं राहिला, १९१६ मध्ये इथंच गेला. १९१९ ला राणी परत गेली, राजा मात्र इथंच मातीत राहिला. थोरली राजकन्या तिकडं जाऊनही पुन्हा रत्नागिरीलाच आली, तिची लेक इथलीच होऊन मराठी बोलत जगली.

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "राजा आसला तरी त्येचं म्हायेरच तुटलं की गं."

थिबा पॉइंटवरून खाली खाडी समुद्राला मिळताना दिसते. राजा इथून जहाजं बघत बसायचा म्हणतात. खरं असेलही. मंडाले तर इरावतीच्या काठचं, समुद्रापासून लांब. ज्या पाण्यानं आणलं तेच पाणी रोज समोर. आपल्या टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननातली ती काशाची मूर्ती आहे ना, ग्रीक-रोमनांचा समुद्रदेव? दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी घाट चढवून आणलेला. तो कोल्हापुरात, हा रत्नागिरीत. मी हे आईला बोलून दाखवलं तर म्हणाली, "भूक लागली."

जेवण सांगण्यासारखं नाही. सुरमई ताजी, पण रश्श्यात नुसतं खोबरं! आईनं पर्समधून कांदा-लसूण चटणीची पुडी काढली. पुण्याला जाणाऱ्या भाच्याच्या डब्यातली, तिनं सकाळी परस्पर काढून घेतलेली. सोलकढी मात्र मी दोन वाट्या प्यायले.

भाट्याला आई एका चपलेनं चालली, मग तीही हातात घेतली. घोट्याइतक्या पाण्यात उभी राहून मला म्हणाली, "ह्या पाण्यानं ब्रह्मदेशाला जाता येतंय?" मी म्हटलं, येतं, पण लांबून वळसा घालून. तिनं ओंजळभर पाणी घेतलं आणि परत सोडून दिलं.

पाचची गाडी पळत पळत गाठली. ती अनवाणी, माझ्या हातात तिच्या चपला. घरी यायला नऊ वाजून गेले. दूध शेजारणीनं ठेवलेलं, पण दह्याला विरजण लावायला विसरली.

उद्या चप्पल लाईनला जायचंय चपलेचा अंगठा शिवायला. पुढच्या महिन्यात आलीस की तुझंही अर्ध्या तिकिटात होईल. आई विचारत होती, त्या राजाची समाधी बघायची राहिली, ती येईल का गं तुझी मैत्रीण? हो म्हणून टाकलंय.

तुझीच,
मी