इंचिकोरच्या वहिनींना, परळहून

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "काहीतरीच काय भाऊजी" म्हणता आणि लगेच आईच्या गुडघेदुखीवर येता. दर वेळी हेच. म्हणून हे पत्र उघड लिहितोय. चार माणसांनी वाचलं म्हणजे तुम्हाला विषय बदलायला जागा उरणार नाही. शिवाय आमच्या मित्रालाही कळू दे. डब्लिनला इंचिकोर वस्तीत, फुटबॉलच्या मैदानापासून दोन गल्ल्यांवर घर आहे आणि गड्याला फुटबॉलचं नाव काढलं की जांभई येते! त्याच घरात राहून तुम्ही परळच्या एका निवृत्त माणसासाठी काय काय उद्योग केलेत, ते त्याने एकदा वाचावं.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. आयर्लंडची स्वतःची एक फुटबॉल लीग आहे. वरच्या गटात दहा संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी चारदा गाठ, म्हणजे मोसमात छत्तीस सामने. बाकी युरोप हिवाळ्यात खेळतो, हे २००३ पासून उन्हाळ्यात खेळतात. फेब्रुवारीत सुरू, नोव्हेंबरात संपलं. बरेचसे सामने शुक्रवारी संध्याकाळी पावणेआठला, म्हणजे आपल्याकडे रात्री सव्वाबाराला. मार्चअखेर त्यांची घड्याळं पुढे सरकेपर्यंत तर सव्वाएक. मुंबईत ही लीग बघणारा माझ्याशिवाय कोण आहे मला ठाऊक नाही. खुद्द आयर्लंडमध्ये निम्मी जनता शनिवारी लिव्हरपूल, मँचेस्टर नाहीतर ग्लासगोच्या सेल्टिकच्या मागे असते, हेही तुम्हीच सांगितलंत. त्यावर मी म्हणालो होतो, मग आमच्यात आणि त्यांच्यात फरक काय? लालबागच्या नाक्यावर पोरं आर्सेनलची जर्सी घालून उभी असतात, आणि कूपरेजला आज कोण खेळतंय विचारलं तर तोंडाकडे बघतात.

सुरुवात २०२० ची. घरात कोंडून घेतलेले दिवस. मी नुकताच रिटायर झालेलो आणि कुठे जायची सोय नाही. तुमच्या हॉस्पिटलात तेव्हा काय परिस्थिती होती याची मला आज कल्पना येते, तेव्हा नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या फ्लडलाइटचा फोटो तुम्ही टाकलात आणि खाली लिहिलंत, "मैदान रिकामं, पण मॅच चालू आहे." मी विचारलं, कोणाची? तिथून हे सगळं सुरू झालं. मार्चमध्ये थांबलेली लीग ३१ जुलैला परत चालू झाली होती, छत्तीसच्या जागी अठराच सामने ठरले होते, आणि घरबसल्या बघायला ऑनलाइन प्रक्षेपण सुरू झालं होतं. त्याचा पास कसा काढायचा हे तुम्ही मला ड्युटीवरून आल्यावर, अंघोळ करून, जेवणाआधी समजावलंत. मागून मित्राचा आवाज येत होता, "अगं त्याला सांग, झोप म्हणावं."

पण पास कुणीही काढून दिला असता. मी आभार मानतोय ते पुढच्या गोष्टीसाठी.

मला मॅच दिसायची, पण काही लागत नव्हतं. लाल-पांढऱ्या जर्सीतले सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिकचे, म्हणजे तुमच्या पॅट्सचे, अकरा जण, समोर दुसरे अकरा, चिखल, लांबच लांब किक. खरं सांगायचं तर खेळ बेताचाच. मग तुमचे आवाजी मेसेज यायला लागले. हाफटाइमला एक, मॅच संपल्यावर एक. त्यांच्या रिचमंड पार्क मैदानाच्या मागून कॅमॅक नावाची छोटी नदी जाते आणि जोरात मारलेला बॉल तिच्यात पडतो. इंग्लंडचा विश्वविजेता गोलकी गॉर्डन बँक्स, एका डोळ्याची दृष्टी गेल्यावर, १९७७ मध्ये याच सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिककडून एक मॅच खेळून गेला. पॉल मॅग्राथ मँचेस्टर युनायटेडला गेला तो १९८२ साली, इथूनच, आणि तिथली जुनी माणसं त्याला अजून इंचिकोरचा काळा मोती म्हणतात. हे तुम्ही पुस्तकातून वाचून सांगत नव्हता. तुमच्या गल्लीतल्या त्या रिटायर्ड फिटर आजोबांच्या शेजारी बसून ऐकायचात आणि मला पाठवायचात. मागे लोकांचा गलका, मध्येच आजोबांचं खोकणं.

ते आजोबा रेल्वेचे निघाले तिथे माझा निकाल लागला. इंचिकोरचा रेल्वे कारखाना १८४६ चा. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली १८५३ ला, आणि आमचं परळचं वर्कशॉप त्याहून नंतरचं, १८७९ चं. मी ज्या शॉपमध्ये हयात घालवली त्याचा थोरला भाऊ तुमच्या घरामागे उभा आहे हे कळल्यावर मी रात्री एक वाजता उठून बसलो. मग आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. बिचाऱ्या तुम्ही मधल्या पोस्टमन! त्यांनी विचारलं, तुमचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, किती? मी कळवलं, साडेपाच फूट. त्यांचा सव्वापाच. आम्ही तीन इंचांनी रुंद, हे ऐकून आजोबा म्हणे अर्धा हाफ काही बोलले नाहीत. चाकं कुठल्या मशीनवर टर्न करायचे, बॉयलर शॉप कधी बंद झालं, कारखान्याचे भोंगे किती वाजता व्हायचे, हे सगळं तुम्ही विचारलंत, लिहून घेतलंत, मला वाचून दाखवलंत. तुम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं आणि तरी एकही प्रश्न गाळला नाहीत. हॉस्पिटलातल्या बायकांची ही सवय असावी, केसपेपर पूर्ण भरायचा.

त्यानंतर मला टीममध्ये नुसती टीम दिसेनाशी झाली, वस्त्या दिसायला लागल्या. बोहेमियन्स म्हणजे फिब्सबरो, १८९० पासूनचा क्लब आणि मालक कोण तर सभासदच. शेलबोर्न म्हणजे टोल्का पार्क. डेरी सिटी तर राजकीय नकाशावर उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राज्यात. दंगलींच्या काळात त्यांना आपल्या मैदानावर खेळू देईनात म्हणून १९७२ ला तिकडची लीग सोडली, बरीच वर्षं हद्दपार राहिले आणि १९८५ ला दक्षिणेच्या लीगमध्ये आले. चार वर्षांत लीग, कप आणि लीग कप तिन्ही जिंकले. हे तुम्ही डेरीला जाणाऱ्या बसमधून सांगत होता आणि सीमा कधी ओलांडली ते कळलंच नाही म्हणून मध्येच थांबलात.

डब्लिनच्याच शॅमरॉक रोव्हर्सची गोष्ट मात्र तुम्ही सांगायला नको होतीत, कारण आता मला त्यांचा धड रागही करता येत नाही. पॅट्सच्या माणसाने रोव्हर्सचा राग केला पाहिजे, हा नियम आहे. मिलटाउनला त्यांचं ग्लेनमालूर पार्क हे मैदान होतं. १९८७ ला तिथे शेवटची मॅच झाली, मालकांनी जमीन विकली, तिथे घरं उभी राहिली. प्रेक्षकांनी बहिष्कार टाकला, निदर्शनं केली, काही उपयोग झाला नाही. पुढची बावीस वर्षं हा क्लब दुसऱ्यांच्या मैदानांवर वणवण करत होता, तो २००९ ला टाला या उपनगरात आपल्या मैदानावर आला. वहिनी, तुम्ही स्वतः गिरणगावातल्या. जमीन विकली गेली की तिथल्या माणसांचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या सासरच्या चाळीच्या गच्चीतून आता काय दिसतं ते तुम्ही गेल्या वेळी बघितलंतच. एवढंच म्हणेन की आमच्याकडे गिरण्यांच्या आणि कंपन्यांच्या टीम एकेक करून बंद झाल्या तेव्हा आम्ही संध्याकाळी चहा पीत हळहळलो. त्या लोकांनी बावीस वर्षं क्लब जिवंत ठेवला. हे मला टोचलं, आणि टोचायलाच हवं होतं.

आता १२ नोव्हेंबर २०२३. त्या दिवसाबद्दल तुमचे आभार वेगळे मानायला हवेत.

लक्ष्मीपूजन. टीव्हीवर वर्ल्ड कपची भारत-नेदरलँड्स मॅच. आणि तिकडे डब्लिनला कपची फायनल, सेंट पॅट्स विरुद्ध बोहेमियन्स, त्यांच्या दुपारी तीनला म्हणजे आमच्या साडेआठला. हायकोर्टाने मुंबईत फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच मुभा दिलेली, म्हणजे नेमकी मॅचची वेळ. पूजा आटोपली, घरचे सगळे क्रिकेटला बसले, मी फोन घेऊन देव्हाऱ्याशेजारी. तुम्ही स्टेडियममध्ये. पर्समध्ये चकल्यांचा डबा, तुम्हीच फोटो पाठवलात. नवव्या मिनिटाला बोहेमियन्सची पेनल्टी, गोल. नेमकी त्याच वेळी खालच्या पोरांनी हजारची माळ लावली. मला तो गोल लवंगी फटाक्यांसकट आठवतो. हाफटाइमच्या जरा आधी आपण बरोबरी केली. मग इकडे रोहित शर्माने स्वतः बॉल हातात घेऊन शेवटची विकेट काढली, घरात जल्लोष. थोड्या वेळाने तिकडे बोहेमियन्सच्या खेळाडूकडूनच स्वतःच्या जाळ्यात गोल गेला आणि मी एकटा ओरडलो. सून धावत आली, तिला वाटलं काही भाजलं. शेवटी ३-१. त्रेचाळीस हजार आठशे एक्याऐंशी प्रेक्षक, आयर्लंडच्या कप फायनलचा विक्रम. त्या गर्दीत तुम्ही मला व्हिडिओ कॉल लावलात. लाल धूर, उड्या, काहीही धड दिसत नव्हतं. मग फोन आजोबांच्या हातात. ते काय बोलले त्यातलं मला अवाक्षर कळलं नाही, त्यांना माझं कळलं नाही, आणि आम्ही बराच वेळ बोललो. चकल्या त्यांनी संपवल्या हे नंतर कळलं.

पुढच्या वर्षीही नेमकी दिवाळीच. पाडव्याच्या पहाटे, आपल्या सव्वाएकला, लीगचा शेवटचा दिवस. शेलबोर्नला डेरीत जाऊन जिंकायचं होतं, आणि शेवटची पाच मिनिटं उरली असताना त्यांनी गोल मारला. २००६ नंतर पहिल्यांदा लीग. आपला संघ शर्यतीत नव्हता, तरी तुम्ही जाग्या होतात आणि मला मेसेज टाकत होतात, कारण तुम्हाला माहीत होतं की मीही जागा असणार. पाडव्याचं अभ्यंगस्नान मी झोपेतच केलं. घरात बोलणी बसली ती बसली.

एक तक्रार करू द्या. गोलकीने जवळच्या बॅकला हळूच पास द्यायचा, त्याने परत त्याला द्यायचा, हे नवं खूळ तुमच्या लीगमध्येही शिरलंय. पायात तेवढी सफाई नसताना हे कशाला? त्या मैदानावर उंच, लांब बॉल आणि धावाधाव हेच शोभतं. आजोबांचंही हेच मत आहे असं तुम्ही कळवलंत. मग दोन रेल्वेवाल्यांचं एकमत झालं म्हणजे प्रशिक्षकाने ऐकायला हरकत नाही.

तुमच्या नाइट ड्युट्या, मुलाची शाळा, तिकडची थंडी, यातून वेळ काढून तुम्ही हे सगळं केलंत. कधी "भाऊजी, आज राहू दे" म्हणाला नाहीत. माझ्या हिच्या आजारपणात तर मॅच नसलेल्या आठवड्यातही जुन्या गोष्टी काढून मेसेज पाठवलेत, मला कळत होतं कशासाठी ते. ती बरी झाल्यावर म्हणाली, त्या नदीत बॉल पडतो त्या क्लबचं काय झालं. म्हणजे मी हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून तेच ऐकत होतो.

डिसेंबरात येताय असं मित्र म्हणाला. तुमची लीग तेव्हा बंद, आमची चालू. वांद्र्याला नेव्हिल डिसूझा यांच्या नावाचं मैदान आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा आपला मुंबईचा गडी. तिथे नेतो तुम्हाला. कोण खेळतंय, कुठल्या गल्लीतले आहेत, बाजूला बसलेले म्हातारे कोण, सगळी माहिती काढून ठेवतो, यावेळी सांगायची पाळी माझी. ऊन असतं, टोपी आणा. मित्राला आणलंत तर त्याच्यासाठी वडापावची सोय करू. आजोबांना विचारा, त्यांच्यासाठी परळ वर्कशॉपचा जुना पितळी बिल्ला पाठवला तर चालेल का. माझ्याकडे दोन आहेत.

तुमचे,
भाऊजी
परळ, मुंबई