दुकानातून रिकाम्या हाताने आलास, त्याबद्दल

कणकवली,
सोमवार, 24 नोव्हेंबर 2025

चि. केदार यास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू बोलता बोलता फोन ठेवलास. असं तू कधी करत नाहीस, म्हणून दोन दिवस मीही केला नाही. फोनवर माझं बोलणं भलतीकडे जातं, त्यापेक्षा लिहिलेलं बरं. फोटो काढून मीच पाठवीन, आता येतं मला.

बंदूक घ्यायला गेलास आणि मिळाली नाही, हे तू पाऊण तास मनापासून सांगत होतास आणि शेवटी माझ्या तोंडून "बरं झालं" निघालं. तुला ते लागलं, लागणारच. आईने ऐकलंच नाही असं तुला वाटलं असेल, पण मी सगळं ऐकलंय.

पहिल्या शनिवारी तू गेलास तेव्हा काउंटरवर कुणी नव्हतं. घंटा वाजवून वाजवून पंचवीस मिनिटांनी मासेमारीच्या सामानाकडचा एक मुलगा आला. म्हणाला, बंदुकांच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते तो दुसरा मुलगा चारला घरी गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलास, बंदूक घेताना भरायचा तो 4473 नंबरचा सरकारी फॉर्म भरलास. कौंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं, कोलिन लिहिलीस, आणि घर निघालं डेंटनच्या बाजूला. तुमचं टेक्ससमधलं फ्रिस्को दोन कौंट्यांत विभागलेलं आहे हे त्या किल्लीवाल्या मुलाने नकाशा काढून दाखवलं आणि फॉर्म नव्याने भरायला लावला. तो भरलास तर गाडीच्या लायसन्सवर अजून जुन्या घराचा, अर्विंगचा पत्ता! नव्या पत्त्याचा दुसरा सरकारी कागद मागितला, तर गाडीची नोंदणी रेवतीच्या नावावर. तिसऱ्या खेपेला सगळे कागद घेऊन गेलास, तेव्हा मधलं नाव अर्धवट म्हणून अडवलं. लायसन्सवर बाबांचं नुसतं एक अक्षर आणि फॉर्मवर पूर्ण नाव हवं. तुझ्या मागच्या माणसाचं दहा मिनिटांत झालं, तो खोकं घेऊन गेलासुद्धा. तुझं नाव एफबीआयकडे तपासायला गेलं आणि त्यापुढे "डिले", म्हणजे "थांबा", आलं. का आलं ते त्या मुलालाही माहीत नाही, त्याला फक्त तेवढा शब्द दिसतो. तीन कामाचे दिवस उलटल्यावर कायद्याने दुकानदार बंदूक देऊ शकतो, पण या दुकानाचा नियम आहे की वरून होकार आल्याशिवाय द्यायची नाही. आणि शनिवारी होकार आला तेव्हा ती बंदूकच विकली गेली होती. दुसरी मागवू म्हणाले, पण फॉर्म पुन्हा पहिल्यापासून.

बघ, एकही गोष्ट विसरले नाही.

तुला राग वेळेचा आला नाही, हे मला कळतं. सगळे बघत असताना तुला बाजूला उभं केलं, त्याचा आला. 2006 पासून तिथे आहेस, वर्षानुवर्षं रांगेत उभा राहून 2022 ला ग्रीन कार्ड मिळवलंस, एक कर कधी चुकवला नाहीस. आणि एका दुकानात तुझ्या नावाकडे बघून तुला थांबवतात. मला ते सहन झालं नाही. तुझे बाबा असते तर त्यांनाही झालं नसतं.

पण मी आयुष्यभर टेबलाच्या पलीकडे बसले रे. तहसील कचेरीत शेतीसंरक्षणाच्या बंदुकीच्या परवान्यांचे कागद माझ्या टेबलावरून जायचे. तलाठ्याचा अहवाल, पोलिसांचा अहवाल, सातबारा, मग वर कलेक्टरकडे. 1959 च्या कायद्याने सगळं. म्हातारे शेतकरी फोंड्याहून, हरकुळहून एसटीने यायचे आणि मला सांगावं लागायचं, बाबा, एक सही राहिली, परत या. त्यांच्या तोंडावर जे दिसायचं ते शनिवारी तुझ्या आवाजात ऐकू आलं. तरी सांगते, त्या किल्लीवाल्या मुलाच्या जागी मी असते तर मीही तुला परत पाठवलं असतं. घर बदलल्यावर लायसन्सवरचा पत्ता 30 दिवसांत बदलायचा असतो ना टेक्ससमध्ये? तू मार्चपासून बदलला नाहीस.

ओरडायला नव्हतं लिहायचं. राहू दे ते.

तू फॉर्मची लिंक पाठवली होतीस, ती मी प्राचीच्या कॉम्प्युटरवर नीट वाचली. खरा घेणारा तूच का, दुसऱ्या कुणासाठी घेत नाहीस ना, हा प्रश्न तर आपल्या कचेरीतल्यासारखाच. बाकीचंही वाचलं. ती एफबीआयची तपासणी 1998 च्या नोव्हेंबरपासून आहे. त्या वर्षी तू नववीत होतास आणि सहामाहीच्या गणिताच्या पेपरवर नाव लिहायला विसरला होतास. बाईंनी अक्षरावरून ओळखलं म्हणून वाचलास. तीन दिवस उलटल्यावर न देण्याचा नियम त्या दुकानाने का केला असेल, तेही मला कळलं. 2015 साली चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये ज्याने नऊ माणसं मारली, त्याला बंदूक मिळाली ती अशीच, तीन दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून. एल पासोला 2019 मध्ये अशाच मोठ्या दुकानात गोळीबारात तेवीस माणसं गेली. दुकानं हात आखडता घेतात त्याला कारण आहे. त्या मुलाला वरचा साहेब काय काय बजावून ठेवत असेल, तू विचार कर.

आणि सारखं सारखं "डिले" येणाऱ्यांसाठी एफबीआयकडे अर्ज करून एक कायमचा नंबर घेता येतो, यूपिन म्हणतात त्याला. बोटांचे ठसे द्यावे लागतात. पुढच्या वेळी फॉर्मवर तो नंबर घातला की नावाचा घोळ होत नाही. मी तुला हे का सांगते आहे मलाच कळत नाही. तू बंदूक घ्यावीस असं मला एक क्षणही वाटत नाही. पण माझ्या मुलाला कागदावरून कुणी अडवलं की माझा हात आपोआप पेनाकडे जातो, त्याला मी काय करू.

तुला ती का हवी आहे हे मी विचारणार नाही. दिवाळीत तुमच्या मागच्या गल्लीत चोरी झाली, आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना माहीत झालंय, रेवती रात्री दोनदा उठून दार बघते. ॲलनचा तो मॉल तुमच्यापासून अर्ध्या तासावर. 2023 च्या मे महिन्यात तिथे गोळीबारात आठ जण गेले, त्यात हैदराबादची एक इंजिनिअर मुलगी होती, आईबापांनी शिकवून धाडलेली. त्या दिवशी तू फोन उचलेपर्यंत मी देवापुढून उठले नव्हते. तेव्हा भीती मला कळत नाही असं समजू नकोस.

मी एवढंच म्हणते की ओवी पाच वर्षांची आहे.

तू म्हणशील, कपाटात ठेवीन, कुलूप असतं, बंदुकीला अडकवायची तार असते. असेल. बारा गेज म्हणजे आपली बारा बोअर, मला माहीत आहे ती किती जड असते. पाच वर्षांच्या मुलीला उचलणार नाही असंही तू म्हणशील.

तुझ्या आजोबांची ठासणीची बंदूक तू पाहिलेली नाहीस, तू व्हायच्या आधीच ती जमा केली होती. फोंड्याच्या घरी माजघराच्या दारामागे खुंटीवर असायची. निवडणूक आली की घोंगडीत गुंडाळून आजोबा ती कणकवलीच्या ठाण्यात नेऊन द्यायचे आणि पावती देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे ठेवायचे. निकाल लागला की परत आणायचे. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, मग आजोबा रात्रभर माळ्यावर बसायचे. ठासणीच्या बंदुकीला वरून दारू घालायची, चिंधी घालायची, छरे घालायचे आणि गजाने ठासायचं. एकदा भरली की रिकामी करायला फार कटकट, म्हणून डुक्कर आलंच नाही तर ते तशीच भरलेली आणून टांगायचे. "चेडवा, हात लावलंस तर बघ," एवढं एकच कुलूप होतं आमच्या घरात.

1965 ची गोष्ट. मी आठ वर्षांची, दिगू चार. आई विहिरीवर गेली होती, आजोबा रात्रीच्या जागरणाने ओटीवर झोपले होते. मी घडवंची ओढली आणि तिच्यावर चढले. बंदूक मला पेलत नव्हती, म्हणून दस्ता घडवंचीवर टेकवला आणि नळी पुढे केली. दिगू समोर बसून फणसाच्या आठळ्या मोजत होता. मी त्याला म्हटलं, तू डुक्कर हो. तो हसला आणि चार पायांवर आला. मी घोडा मागे ओढला, दोन अंगठ्यांनी. मग चाप ओढला.

घोडा पडला. टक् असा आवाज झाला.

दिगू पुन्हा आठळ्या मोजायला लागला. मी बंदूक खुंटीवर लावली, कशी लावली ते आजही आठवत नाही. संध्याकाळी आजोबांनी बंडीच्या खिशातून केप काढून बंदुकीला बसवताना मी पाहिलं. त्या दिवशी सकाळी त्यांनी ती काढून खिशात ठेवली होती. एरवी ठेवायचे का, विसरायचे का, मी कधी विचारलं नाही. आठळीपेक्षाही लहान, तांब्याची टोपी असते ती, घोडा तिच्यावर पडला तरच बार उडतो. ती जागेवर असती तर तुला मामाच नसता.

हे मी साठ वर्षांत कुणाला सांगितलं नाही. तुझ्या बाबांनाही नाही. त्या दिगूमामानेच 2006 ला तुला मुंबईला विमानतळावर सोडलं, तुझी ती निळी बॅग डोक्यावर घेऊन. काचेतून तू दिसेनासा झाल्यावर तो रडला आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते तुला आता कळेल. तू "बंदूक मिळाली नाही" म्हणालास आणि मी "बरं झालं" म्हटलं, तेव्हा मला तुझं दुकान दिसत नव्हतं, माझी घडवंची दिसत होती.

तुमच्याकडे मुलांचे डॉक्टरसुद्धा हेच सांगतात ना, की ठेवायचीच तर रिकामी, कुलपात, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. टेक्ससच्या कायद्यातही सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू दिली तर गुन्हा आहे. पण मग मला सांग, रात्री दोनला दार वाजलं तर तू दोन कुलपं उघडणार? आणि उघडायला सोपी असेल तर ती ओवीलाही सोपी नाही का? तुमच्या त्या घरात ओवीला टॅबलेटचा पासवर्ड काढता आला होता, तूच कौतुकाने सांगितलं होतंस.

पुन्हा तेच. तिच्याबद्दल एकदाच लिहायचं ठरवलं होतं.

आणखी एक वाचलं. तिकडे बंदुकीने जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं स्वतःच्या हाताने जातात. हे तुला उद्देशून नाही. पण बाबा गेल्यापासून तू नीट झोपत नाहीस असं रेवती म्हणाली, मागच्या वर्षी ऑफिसातून लोक काढले तेव्हा तू आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस. घरात माणूस दमलेला असेल तेव्हा हाताशी काय आहे याचा विचार करावा, एवढंच. तू मला रागावून फोन ठेवलास तरी चालेल. फोन तरी आहे.

शनिवारी तू म्हणालास, आता त्या दुकानात जाणार नाही, ऑफिसातल्या कुणाकडून घेईन, तिथे फॉर्म नाही, तपासणी नाही. माझं ऐक, तसं करू नकोस. घ्यायचीच तर उजेडात, सही करून घे. तुला तीनदा परत पाठवलं तरी तू एकाही चौकोनात खोटं लिहिलं नाहीस, कौंटी चुकली तर फॉर्मसुद्धा नव्याने भरलास. माझा ऊर भरून आला ते ऐकून, आणि मी ते तेव्हा बोलले नाही. आता बोलते.

दाराला चांगला कोयंडा लाव, कॅमेरा लाव. पैसे कमी पडत असतील तर बाबांच्या ठेवीतले घे, मार्चमध्ये एक मुदत संपते आहे. मला नकोत ते.

कोकमं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, रेवतीचा भाऊ डिसेंबरात जाणार आहे त्याच्याकडे देते. पिठाची पिशवी आल्या आल्या डब्यात काढा.

दिगूमामाला यातलं काही सांगू नकोस. तो अजून मला म्हणतो, ताई, लहानपणी तू मला कधी मारलं नाहीस.

तुझी,
आई

ता. क. ओवीला खणाचा परकर शिवायला टाकते आहे. कमरेचं माप रेवतीने पाठवलंय, उंचीचं नाही. तिला दाराशी उभी करून मोज आणि हात वर करून कुठपर्यंत पोचतो तेही मोजून कळव.