झोपेतल्या झटक्यांविषयी घरात बोलले पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या मुलाला आठव्या वर्षापासून झोपेत झटके येत होते आणि चार वर्षे आम्ही त्यांना वाईट स्वप्ने समजत राहिलो. झोप लागून तास होतो न होतो तोच तो दचकून उठे, पलंगाची लोखंडी दांडी घट्ट धरे, सायकल चालवल्यासारखे पाय मारी आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा झोपी जाई. एका रात्रीत हे पाच-सहा वेळा घडे. सकाळी त्याच्या तळहातावर दांडीचा वळ असे. आम्ही दृष्ट काढली, अंगारा लावला. दिवसा काढलेला ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, निर्दोष आला, तेव्हा मुलाने भीती घेतली आहे, एवढेच आम्हाला सांगण्यात आले.

अखेर चार रात्रींचे मोबाइलवरील चित्रीकरण मेंदूविकारतज्ज्ञांनी पाहिले. प्रत्येक वेळी त्याच हालचाली, त्याच क्रमाने होत होत्या; त्यावरूनच त्यांना मेंदूच्या पुढच्या भागातून उद्भवणाऱ्या अपस्माराची (मिरगीची) शंका आली आणि रात्रभराच्या व्हिडिओ ईईजीनंतर निदान पक्के झाले.

या आजाराचा एक प्रकार आनुवंशिक आहे. १९९५ मध्ये एका ऑस्ट्रेलियन कुटुंबाच्या अभ्यासातून त्याचे पहिले जनुक सापडले. आई किंवा वडिलांकडचे सदोष जनुक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते, मात्र ते उतरलेल्या प्रत्येकाला झटके येतातच असे नाही. घराण्यात कोणाला असा त्रास होता का, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा सासूबाई गप्प राहिल्या आणि घरी आल्यावर रडत म्हणाल्या, "तुझे सासरे आयुष्यभर असेच ओरडून उठायचे गं, पण पोरांची लग्नं मोडतील म्हणून मी कुठं बोलले नाही." त्यांना मी दोष देत नाही, वधू-वरांना अपस्मार नसावा ही अट हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्ये निघाली, पण सोयरीक जुळवताना होणारी कुजबुज अजून थांबलेली नाही. तरीही ते एक वाक्य आधी कळले असते तर मुलाची चार वर्षे वाचली असती, कारण कार्बामाझेपिन या जुन्या, स्वस्त औषधाने तो आता सलग झोपतो.

आपल्या आरोग्य पुरवणीत या आजारावर तज्ज्ञांचा लेख यावा, ही विनंती. नणंदेच्या मुलीचेही रात्रीचे चित्रीकरण आम्ही मागवले आहे.

आपली,
एक वाचक, सातारा