गोळ्याचा फोटो छापलात, बटेचं काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शहर पानावर मुलीच्या पोटातून निघालेल्या केसांच्या गोळ्याची बातमी फोटोसकट आली. 'डॉक्टरही चक्रावले' असा मथळा. स्टीलच्या ट्रेमध्ये काळा गोळा, शेजारी मोजपट्टी, मागे हिरव्या गाउनमधले चार जण. बातमी मी दोनदा वाचली. गोळ्याचं वजन होतं, लांबी होती, ऑपरेशन किती तास चाललं ते होतं. मुलीचं गाव होतं, ती कितवीत आहे तेही होतं. पोटात केस आहेत हे मुळात लक्षात कसं आलं, तेवढं मात्र नव्हतं.

पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मी 31 वर्षं परिचारिका होते, शेवटची काही वर्षं इन्चार्ज सिस्टर. डॉक्टर चक्रावतात वगैरे काही नसतं हो, तेवढी उसंत कुणाला असते? कुणीतरी एक साधा प्रश्न विचारतं आणि गाठ सुटते. आपल्या बातमीतून नेमका तो प्रश्नच गळतो, म्हणून हे पत्र.

अशीच एक तेराएक वर्षांची मुलगी आमच्या वॉर्डात होती. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, मग उलटी. अंगात रक्त कमी, पोटात वरच्या बाजूला हाताला लागणारी टणक गाठ. टीबी असेल, आणखी काही वाईट असेल, अशी चर्चा. गाठ चाचपायला विद्यार्थ्यांची रांग. रविवारी दुपारी आमच्या वॉर्डातल्या आया, मावशी, तिच्या उवा काढत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सिस्टर, हिच्या कानामागं बटच नाही बघा. उपटल्यासारखं दिसतंय." मी हाउसमनला, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरला सांगितलं, त्याने आईला विचारलं. आईने कपाळावर हात मारला. "लहानपणापासून केस तोडून चघळते. मारून झालं, मिरची लावून झाली." केस पचत नाहीत. गुळगुळीत असल्यामुळे पुढेही सरकत नाहीत, आत साठत साठत जठराचाच आकार घेतात. ऑपरेशन झालं, गोळा निघाला. त्यानंतर तिला मानसोपचार विभागात पाठवलं, कारण सवय तशीच राहिली तर गोळा पुन्हा होतो. आपली बातमी डिस्चार्जपाशी संपली. ज्या घरात एखादी पोर आज बट चघळत बसली आहे, त्या घराला त्यातून काय मिळालं?

मण्यारीचं तर विचारूच नका. दर पावसाळ्यात 'सर्पदंश झालेल्या तरुणाला जीवदान, इतक्या लसी दिल्या' अशी एखादी बातमी असतेच. (ती लस नव्हे. घोड्याच्या रक्तापासून केलेलं ते प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच. निदान हा शब्द तरी बदला.) वेल्ह्याकडचा एक गडी पहाटे कॅज्युअल्टीत आला तो पोट धरून. पोट हाताला मऊ, एक्स-रे स्वच्छ. सर्जरीवाले म्हणाले, आमचं काही नाही. मेडिसिनवाले येईपर्यंत त्याच्या पापण्या खाली आल्या. बरोबरचे म्हणाले, रात्री जरा जास्त झाली असेल. मेडिसिनची रजिस्ट्रार डॉक्टर लातूरकडची मुलगी होती. तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला, दारूचा मागमूस नव्हता. मग एवढंच विचारलं, "रात्री खाटेवर झोपला होता का खाली?"

खाली. भाताच्या खाचराला लागून असलेल्या पडवीत, सतरंजीवर.

मण्यार रात्रीची फिरते, अंथरुणात शिरते. तिचे दात बारीक. दंशाची जागा सुजत नाही, पुष्कळदा खूणही सापडत नाही, झोपलेल्याला तर पत्ताच नसतो. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास. प्रतिविष दिलं, पण एकदा लुळेपण आलं की ते त्याने झटकन उतरत नाही. तोवर त्याचा श्वास दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा. व्हेंटिलेटर तिन्ही भरलेले होते. नळी घातली आणि अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा, हातात घेतली. दोन विद्यार्थी, त्याचा भाऊ आणि मी, दिवसभर पाळीपाळीने आणि मग रात्रभर. फुगा दाबायचा, सोडायचा, मनात चार मोजायचे, परत दाबायचा. भावाच्या बोटांना पेटके आले, तरी तो उठेना. तीनच्या सुमाराला विद्यार्थिनीला डुलकी लागली. मी तिच्या हातातून बॅग ओढून घेतली आणि नको ते बोलले. पहाटे एक व्हेंटिलेटर मोकळा झाला.

सहाव्या दिवशी नळी निघाली. घोगऱ्या आवाजात तो पहिलं काय बोलला असेल? "सिस्टर, त्या पोरीला लई बोललात तुम्ही." सगळं ऐकलं होतं त्याने. पापणी उघडत नव्हती, बोट हलत नव्हतं, आणि कान शाबूत! राउंडला 'हा काही वाचत नाही' असं एक जण त्याच्या उशाशी म्हणाला होता, तेही त्याला पाठ होतं. तेव्हापासून अशा पेशंटला मी वार, वेळ, कोण भेटायला आलंय, सगळं मोठ्याने सांगायचे. नव्या पोरी हसायच्या.

त्याची बातमी आली ती 'मृत्यूच्या दाढेतून परत' अशी. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचा, पहाटे पोट दुखून पापण्या मिटायला लागल्या तर साप दिसला नसला तरी मोठा दवाखाना गाठा, या दोन ओळी तिथे सहज मावल्या असत्या.

शेंगदाण्याचंही तेच. दोन वर्षांच्या पोराला तीन आठवडे न्यूमोनियाचं औषध चालू होतं, आणि आजीला विचारल्यावर कळलं की शेंगा फोडताना त्याला ठसका लागला होता, 'पण लगेच थांबला'. थांबला हीच तर फसगत! दाणा श्वासनळीत जाऊन बसला की ठसका काही काळ थांबतो. एक्स-रेत दाणा दिसत नाही. दुर्बिणीतून दोन तुकडे निघाले. छापलंत काय, तर दाण्याचा फोटो.

विचित्र केस नीट सांगितली की काय होतं, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते, तेव्हा कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं फुफ्फुसात पाणी होऊन जायची. ते पेशंटच्या उशाशी बसून राहिले. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, सगळं टिपून ठेवलं. पुण्याला बी. जे. मेडिकल कॉलेजात एम. डी. केलं आणि परत महाडलाच गेले. 1982 साली त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनीच रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी विंचवाला वापरून दाखवली. विषाने आवळलेल्या रक्तवाहिन्या तिने सैल पडतात. आमच्या वॉर्डात ती गोळी आली ती असं कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून.

आणि आपल्याला हे जमत नाही असंही नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पाडणारा आजार) पेशंट एकामागून एक निघाले. मी धायरीतच राहते. एरवी लाखात वर्षाला एखाद-दुसरा दिसणारा आजार! तेव्हा आपण पायाला मुंग्या येतात, जिना चढताना पाय लटपटतात, पाणी उकळून प्या, हे सगळं चौकटीत रोज छापलंत. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी ती चौकट वाचून मुंग्या आल्या त्याच दिवशी दवाखाना गाठला. त्यांना निघाला मणक्याचा त्रास, पण ते सोडा.

तेव्हा अशी बातमी आली की वार्ताहराने एवढंच विचारावं: "हे तुमच्या कधी लक्षात आलं, आणि कशावरून?" डॉक्टर आनंदाने सांगतील. सांगायचं त्यांना तेच असतं, विचारतंच कुणी नाही. आणि पोरीचं गाव, शाळा काही छापू नका. आमच्या त्या मुलीला शाळेत पुढे 'केसवाली' म्हणायचे.

जाता जाता एक दुरुस्ती. गेल्या आठवड्याच्या फोटोखाली चार नावं आहेत, चारही सर्जरीची. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं नाव राहिलं आहे. जठर असं गच्च भरलेलं असताना भूल देणं जोखमीचं असतं, त्यांचं नाव शोधून छापा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
धायरी, पुणे