चौथाई झाली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

चौथाई झाली. तीन आठवड्यांपूर्वी, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास. आपल्या मोटरसायकलचे १,८३,७५० किलोमीटर. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि आकड्याकडे बघत बसलो. फोन काढला, तुझं नाव उघडलं, आणि परत खिशात टाकला. दोन वर्षं ज्याला एक ओळ लिहिली नाही, त्याला एकदम "चौथाई झाली" कुठल्या तोंडाने सांगायचं? पण दुसऱ्या कुणाला सांगणार होतो? घरी सांगितलं तर "कशाची चौथाई?" इथपासून सुरुवात. तुझा तो मोटरसायकलवर जग फिरलेला एमिलिओ स्कॉटो, १९८५ ते १९९५, एक होंडा गोल्डविंग आणि ७,३५,००० किलोमीटर, हे आकडे तू मला झोपेतून उठवून विचारायचास. निम्मं जमणार नाही, पण चौथाई झाली तर मिशी उतरवीन, असं तू तात्यांसमोर बोलला आहेस. वहिनींना आधी कल्पना देऊन ठेव.

माझी तब्येत ठीक. गुडघा अधूनमधून बोलतो. आई बरी आहे, तुझी आठवण काढते.

आता खरं काय झालं ते सांगतो. नीट वाच, मध्येच पान उलटू नकोस. हे पत्र त्यासाठीच लिहितोय.

त्या संध्याकाळी गाडी कडेला उभी होती तेव्हाच मला कळत होतं की ती नीट नाही. पाऊणएक वर्ष हेच चाललंय. सकाळी थंड असताना चालू व्हायला कुरकुर, मग आयडलिंगला थरथर, चार सिलिंडरांतला एक जण मधूनच गप्प बसल्यासारखा. चार हजार आरपीएमच्या वर गेली की जणू काही झालंच नाही, तीच आपली गुळगुळीत म्हातारी. त्यामुळे हायवेवर विसरायला व्हायचं आणि सिग्नलला उभं राहिलं की आठवायचं. लिटरला १९-२० देणारी गाडी १७ वर आली. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ करून सिंक केल्या. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

आणि या सगळ्या काळात माझ्या डोक्यात एकच उत्तर तयार होतं. तुला माहीत आहे कुठलं. ती ऑइलची रात्र.

तो विषय आपण पुन्हा काढला नाही, म्हणजे मी काढू दिला नाही. घाटातल्या वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, मी लगेच बंद केली, खाली उतरलो तर मागचा टायर ऑइलने माखलेला. चार लिटरमधलं दीडएक लिटर रस्त्यावर. ड्रेन बोल्ट हाताने फिरत होता. आदल्या दिवशी ऑइल तू बदललं होतंस. मी म्हणालो, वॉशर जुनाच टाकलास. तू म्हणालास, नवीन टाकला. मी म्हणालो, मग बोल्ट आवळला नाहीस. त्यावर तू काहीच बोलला नाहीस, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. तेव्हा गाडी १,१२,००० ला होती. तेव्हापासून तिने जेव्हा जेव्हा खोकलं, तेव्हा तेव्हा मी तुझ्या नावाने बोललो. अण्णांच्या वर्कशॉपमध्ये बोललो. तात्यांकडे बोललो. एकदा तर वहिनींच्या देखत बोललो, आणि त्या उठून आत गेल्या. "त्या रात्रीपासून इंजिन पूर्वीसारखं राहिलं नाही." हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की ते मला खरंच वाटायला लागलं होतं. तेल कमी पडलं, बोअर म्हणजे सिलिंडरची आतली भिंत खरवडली, पिस्टनच्या रिंगा गेल्या. झालं, निकाल लागला.

तर चौथाई झाल्यावर चार दिवसांनी गाडी अण्णांकडे नेली. म्हटलं, एकदा काय ते कळू दे. आधी कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजला. पहिला, दुसरा, चौथा, तिघेही १२ बारच्या आसपास. तिसरा ७. मी अण्णांना म्हणालो, बघा, बोललो होतो ना. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी चमचाभर ऑइल प्लगच्या भोकातून तिसऱ्यात सोडलं आणि पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असतील तर ऑइल त्या फटी तात्पुरत्या भरतं आणि आकडा वर जातो, हे तूच मला शिकवलंस. आकडा हलला नाही. सातच.

मग त्यांनी पिस्टन वर, दोन्ही वॉल्व्ह बंद, अशा ठिकाणी आणून हवा भरली. बाकी तिघांतून आठ-दहा टक्के हवा जात होती, या वयाला ते उत्तमच. तिसऱ्यातून ३८ टक्के. अण्णा म्हणाले, तूच ऐक कुठून जातेय ती. मी ऑइल भरायच्या तोंडाला कान लावला, कारण रिंगा गेल्या असतील तर हवा खाली क्रँककेसमध्ये उतरते आणि तिथूनच सुस्कारा येतो. शांत. रेडिएटरचं झाकण काढलं, बुडबुडे नाहीत, म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. एअर बॉक्सकडे काही नाही. मग मागे गेलो, सायलेन्सरशी वाकलो, आणि तिथे स्पष्ट फुस्स आवाज येत होता. एक्झॉस्ट वॉल्व्ह.

अण्णांनी बारीक कॅमेरा आत सोडून बोअर दाखवला. अरे, होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसतायत! कारखान्यातून आलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या, १,८३,००० किलोमीटरनंतर. एक उभा ओरखडा नाही. त्या पडद्याकडे बघत मी किती वेळ उभा होतो ते माहीत नाही. त्या रात्रीने काहीच बिघडलं नव्हतं. काहीच नाही. वळण संपायच्या आत इंजिन बंद झालं होतं आणि तेवढं ऑइल तिला पुरलं होतं.

थांब, अजून संपलं नाही. सगळ्यात वाईट पुढे आहे.

घरी आलो आणि वही काढली. आपली निळी वही, पेट्रोल आणि कामांची. ४८,००० ला टॅपेट, म्हणजे वॉल्व्हवरची फट, तपासले, तुझं अक्षर, आठही वॉल्व्हचे आकडे सुवाच्य. सोळातले आठच लिहिलेस कारण इनटेक "सगळे मस्त, लिहायची गरज नाही" असा शेरा आहे, त्यावरूनही आपलं भांडण झालं होतं. मग ९६,००० चं पान. तिथे लाल पेनने, दोन रेघा ओढून: "टॅपेट बघ. आवाज नाही म्हणून बघ."

आठवतंय मी काय म्हणालो होतो? "वाजत नाहीत तर उघडायचं कशाला?" आणि तू पार्किंगमध्ये उभं राहून मला समजावत होतास की या इंजिनात वाजणारा टॅपेट बरा, घट्ट होत जाणारा वाजत नाही. एक्झॉस्टचा वॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू वर सरकतो, फट कमी होत जाते, आवाज उलट कमी होतो, आणि आपल्याला वाटतं इंजिन सुधारलं. मला तो फार पुस्तकी वाटला होता तुझा मुद्दा. शिवाय कव्हर उघडायचं म्हणजे टाकी, रेडिएटर, अर्धी गाडी खोलायची, आणि आठ दिवसांनी आपला मोठा दौरा होता. मी दौरा निवडला. नंतर तू विचारलंस तेव्हा "झालं ते" असं म्हणालो. झालं नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

शनिवारी अण्णांनी कव्हर काढलं. मी मदतीला होतो. फीलर गेज घेऊन एक्झॉस्टला लागलो. फट हवी ०.२२ ते ०.२८ मिलिमीटर. पहिला, दुसरा, चौथा सगळे ०.१५ ते ०.१७ मध्ये, म्हणजे तेही घट्टच. तिसऱ्याच्या एका वॉल्व्हला सगळ्यात पातळ ०.०५ चं पातंही शिरेना. कॅमशाफ्ट उचलला (कॅमचेनच्या पोकळीत कापड कोंबून, तुझी सवय), वॉल्व्हवरच्या बादलीखालची शिम, म्हणजे फट ठरवणारी चकती, चिमट्याने काढली, तिच्यावर १८५, म्हणजे १.८५ मिलिमीटर. अण्णांच्या डबीतली १.६० ची टाकून पुन्हा मोजलं तर ०.२४. आता हिशेब कर. जुनी शिम पाव मिलिमीटरने जास्त जाड होती, म्हणजे आधीची फट शून्याच्याही खाली. वॉल्व्ह पूर्ण बंदच होत नव्हता. बंद झाला नाही की त्याची उष्णता सीटमधून हेडमध्ये जाणार कुठून? तो तापत राहिला, जळत राहिला, आणि मी हायवेवर खुशीत होतो.

रात्री झोप येईना म्हणून गणित घातलं. शंभराच्या वेगाला चार हजार आरपीएम, म्हणजे किलोमीटरला २,४०० फेरे, आणि वॉल्व्ह दर दोन फेऱ्यांना एकदा उघडतो. आजवर बावीस कोटी वेळा, तेही शहरातले खालचे गिअर न धरता. बावीस कोटी वेळांत एवढंसं सरकलं, आणि तेसुद्धा दर काही हजार किलोमीटरनी कुणी बघितलं असतं तर दहा मिनिटांच्या शिमचं काम होतं. पिस्टन, क्रँक, गिअरबॉक्स, कशाकशाला आजवर हात लागला नाही. बाकी जे झिजायचं ते झिजलं आणि बदललं: कोनसेट, दोनदा फोर्क सील, स्विंगआर्मचे बेअरिंग, स्टेटर, ब्रेकचे होज. मागचा टायर काढला की शाफ्टच्या स्प्लाइनला मॉलीची पेस्ट लावतो, न चुकता, तू ओरडायचास म्हणून. रेग्युलेटरच्या कनेक्टरने एकदा रात्रीचं अडकवलं, १२.१ व्होल्ट दाखवत होतं, त्याची गोष्ट भेटल्यावर.

आणि हेही आठवून हसू आलं: पहिल्या वर्षी मी टॅपेट वाजतात म्हणून तीनदा गाडी थांबवली होती. टक टक टक. खाली बसून कान लावला की आवाज गायब. तू मागे डुलक्या काढायचास आणि तुझं हेल्मेट मागच्या बॉक्सवर आपटायचं! इंजिनाशेजारी मी, आणि तू अर्धवट झोपेत "काय झालं, पोचलो?" तो एवढा वाजणारा टॅपेट तूच होतास.

आता अडचण अशी. आठही एक्झॉस्टच्या शिमा बसवल्या, वेळ जुळवली, हवा पुन्हा भरून बघितली. ३८ चे २२ झाले. सुधारलं, पण दहावर आलं नाही. अण्णांचं म्हणणं, वॉल्व्हची कड जळली असणार, हेड उतरवून वॉल्व्ह नवा टाकावा, सीट कापून घ्यावी, उघडलंच आहे तर सोळाही स्टेम सील बदलावेत. त्यांचा मुलगा म्हणतो, सीटवर नुसता कार्बन असेल, पाचशे किलोमीटर चालवा, बसेल आपोआप. तात्या म्हणतात दुसरं इंजिन शोध. घरी म्हणतात आता पुरे.

मला भीती हेडची नाही. हेड उतरवताना एक्झॉस्टचा एखादा स्टड तुटेल, अल्युमिनियमचे आटे निघतील, हे सगळं निस्तरता येतं. भीती ही आहे की मी पुन्हा सोयीचं उत्तर निवडेन. पाचशे किलोमीटर चालवायचा सल्ला मला फार गोड लागतोय, आणि म्हणूनच त्यावर विश्वास बसत नाही. एक्झॉस्टची कड जळायला लागली की ती थांबत नाही, तुकडा तुटून पिस्टनवर पडला तर त्या तिरक्या रेघांचं काय होईल ते तुला सांगायला नको. पण अण्णा पाना लावायच्या आधी मला तुझं मत हवंय. गाडी कागदावर माझी असली तरी अर्धी तुझी आहे, आणि गेली काही वर्षं मी ती पूर्ण माझी असल्यासारखा वागलो. तू "उतरव" म्हणालास तर उतरवू. शक्य असेल तर त्या दिवशी ये. चुकीची क्षमा पत्रातून मागायची नसते, पण समोर आलो तर मला बोलता येईल की नाही याची खात्री नाही, म्हणून इथेच लिहितो. वॉशर तू नवीनच टाकला होतास. बोल्टही आवळला असशील. नसलास तरी हरकत नव्हती. माझं चुकलं, आणि मी ते चारचौघांत तुझ्यावर ढकललं. अण्णांना आणि तात्यांना मी सांगून टाकलंय. वहिनींना मी स्वतः सांगेन.

तुझी बदली झाल्याचं कळलं. नवं घर कसं आहे, पार्किंग आहे ना? लेकीची परीक्षा झाली असेल, तिला आशीर्वाद. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं ना, तेही कळव.

उत्तर लवकर दे. गाडी स्टँडवर आहे, टाकी काढलेली, वर जुनी चादर टाकली आहे.

तुझाच.

ता. क. पाकिटात कापसात गुंडाळून ती १८५ ची शिम ठेवली आहे, हरवू नकोस. आणि वहीत १,८३,७५० च्या ओळीपुढे मी काहीच लिहिलेलं नाही. ती ओळ तू लाल पेनने भर.