अण्णा, काटा आता खरे सांगतो

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव आणि गॅरेजचा पत्ता कुठेही लिहायचा नाही, या अटीवरच तुम्ही मला हे पत्र लिहू दिले आहे. त्यामुळे पूर्व भागात पॉवरलूमच्या खडखडाटाला लागून असलेले एक पत्र्याचे शेड आणि त्यातले अण्णा, एवढ्यावरच वाचकांनी समाधान मानावे. तुम्ही स्वतः मोबाइलवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमचा मुलगा वाचून दाखवेल, अशी आशा आहे.

माझ्या चुलत्यांची १९७१ सालची एमजीबी ही दोन आसनी उघडी गाडी त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली. हे मॉडेल इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे. सोलापुरात तिला पाहायला लोक थांबतात, फोटो काढतात, मुलांना आत बसवतात. दुरुस्तीचे नाव निघाले की मात्र सगळे हात झटकतात. तिच्या पेट्रोलच्या काट्याने मला तीन वर्षे छळले. आरंभी तो टाकी भरली तरी शून्याच्या आसपासच पडून राहत असे. एका मोठ्या शहरातील गॅरेजने आधी डॅशबोर्डवरचा मीटर बदलला, त्याने फरक पडला नाही म्हणून टाकीतली पेट्रोलची पातळी मोजणारा सेन्सर परदेशातून मागवून बसवला, आणि त्यानंतर काटा निराळेच खोटे बोलू लागला. टाकी काठोकाठ भरली तरी तो पाऊण टाकीच्या खुणेवर जाईना, आणि टाकी रिकामी झाली तरी पाव टाकीच्या खुणेखाली येईना.

याचा परिणाम गेल्या चैत्रात भोगावा लागला. आईला तुळजापूरला दर्शन घडवून परतत असताना, तामलवाडी मागे टाकल्यावर, सीटमागून येणारी पेट्रोल पंपाची टिकटिक अचानक वाढली. या गाडीचा विजेवर चालणारा पंप पेट्रोल ओढत असताना सावकाश टिकटिकतो आणि ओढायला काही उरले नाही की घाईघाईने वाजू लागतो. काटा पाव टाकी दाखवत होता, म्हणून मी कानांवर विश्वास ठेवला नाही. मिनिटाभरात इंजिन खोकले आणि बंद पडले. पाच वाजताचे ऊन, डोक्यावर छप्पर नाही, शेजारी सत्तरीची आई. एका दुचाकीस्वाराने थांबून आपल्या टाकीची नळी काढून आम्हाला लिटरभर पेट्रोल दिले आणि निघताना तुमच्याकडे जाण्याचा सल्लाही दिला. त्याचेही आभार मानायचे आहेत, पण त्याने नाव सांगितले नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी फार आत्मविश्वासाने निदान सांगितले होते, हे आठवले की आजही ओशाळतो. या गाडीत बॅटरीचे १२ व्होल्ट थेट पेट्रोलच्या मीटरकडे जात नाहीत. मध्ये एक लहानसा स्टॅबिलायझर असतो आणि त्यातून मीटरला सरासरी १० व्होल्ट मिळतात. मी घरच्या डिजिटल मल्टिमीटरने तपासले, तेव्हा आकडा कधी शून्य, कधी बारा असा नाचत होता. त्यावरून स्टॅबिलायझर गेला, असे मी ठरवून टाकले होते. तुम्ही वाद घातला नाहीत. कपाटातून जुना काट्याचा मल्टिमीटर काढलात, तारा लावल्यात आणि मला जवळ बोलावलेत. त्याचा काटा ठरावीक लयीत पुढे-मागे डुलत होता. आतली द्विधातूची पट्टी तापून वाकते, संपर्क तोडते, निवली की पुन्हा जोडते, आणि अशा उघडझापीतूनच ती सरासरी १० व्होल्ट देते. म्हणजे आकडा नाचणे हा तिचा दोष नसून कामच आहे, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलेत. नवीन स्टॅबिलायझरची ऑर्डर मी त्याच रात्री रद्द केली.

त्यानंतर तुम्ही गाडीखाली शिरून सेन्सरवरची हिरवी, काळ्या रेघेची वायर सोडवलीत आणि मला डॅशबोर्डकडे पाहायला सांगितलेत. काटा हळूहळू शून्यावर आला. मग तीच वायर क्षणभर बॉडीला टेकवलीत, तर काटा सावकाश भरलेल्या खुणेकडे चढू लागला, आणि तो चढतो आहे एवढे कळताच तुम्ही वायर काढून घेतलीत, कारण अशी वायर टेकवून ठेवली तर मीटरच्या आतली तार जळण्याची भीती असते. “मालक, मीटर बी बरोबर हाय, वायर बी बरोबर हाय. काट्याला जे सांगितलं, तेच त्यो दाखवतोय की ओ. सांगणारा कोण चुकतोय ते बघू,” असे तुम्ही गाडीखालूनच म्हणालात. ज्यांनी हजारो रुपये घेऊन मीटर बदलला, त्यांना ही पाच मिनिटांची तपासणी का सुचली नाही, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

सांगणारे दोन निघाले, आणि दोघेही एकमेकांविरुद्ध साक्ष देत होते. या गाडीच्या सेन्सरचा रोध टाकी भरलेली असताना सुमारे २० ओहम आणि रिकामी असताना सुमारे २५० ओहम असावा लागतो. रोध जितका कमी, तितका काटा वर. सेन्सरच्या अर्थची काळी वायर जिथे बॉडीला बोल्टने धरली होती, तिथे थिंबलखाली, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, गंज बसून जवळजवळ ४० ओहमचा फुकटचा रोध तयार झाला होता. त्यामुळे भरलेली टाकीही पाऊणच दिसत होती. दुसरीकडे, नवा सेन्सर बसवताना त्याचा दांडा वाकला होता आणि त्याच्या टोकाचा, पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट खाली येताना टाकीच्या आतल्या पत्र्याला अडकत होता, म्हणून पेट्रोल संपले तरी तो मधेच लटकून राहत होता. एका दोषाने असलेले पेट्रोल लपवले आणि दुसऱ्याने नसलेले दाखवले. दोन्ही एकत्र असल्यामुळे मला आणि माझ्या आधीच्यांना काहीच उमगत नव्हते.

या गाडीत सेन्सर टाकीच्या वर नसून कुशीला असल्यामुळे पेट्रोल काढल्याशिवाय तो उघडता येत नाही. ते काम तुम्ही सकाळी सहाला, उन्ह चढण्यापूर्वी करवून घेतलेत. बॅटरीची वायर सोडवलीत, शेजारच्या टपरीवाल्याला स्टोव्ह पेटवायला अर्धा तास थांबवलेत, आणि सेन्सर जागी धरणारी लॉक रिंग सैल करण्यासाठी छिन्नीऐवजी पितळेची सळई वापरलीत, कारण लोखंडावर लोखंड आपटले की ठिणगी पडू शकते. टपरीवाला कुरकुरला. त्याचा त्या दिवशीचा चहा मी मुद्दाम दोनदा घेतला.

मला सर्वांत जास्त लक्षात राहिली ती तुमची पुढची कृती. “जुना सेन्सर टाकून दिलाव काय?” असे तुम्ही विचारलेत. मी तो खोक्यात ठेवला होता, आणला. तुम्ही त्याचा पितळी फ्लोट कानाशी धरून हलवलात, मग माझ्या कानाशी धरलात. आत पेट्रोल खुळखुळत होते. गरम पाण्याच्या भांड्यात तो बुडवताच शिवणीच्या एका टोकापासून बारीक बुडबुड्यांची सर वर येऊ लागली. छिद्र सुईच्या टोकाहून मोठे नव्हते. त्या छिद्रातून पेट्रोल आत शिरले, फ्लोट जड होऊन बुडाला आणि काटा शून्यावर पडून राहिला, एवढाच तीन वर्षांपूर्वीचा मूळ दोष होता. तुम्ही आतले पेट्रोल निथळवून, गरम पाण्याने फ्लोट पुन्हा पुन्हा धुऊन, दोन दिवस तो शेडच्या पत्र्यावर उन्हात ठेवलात. मी घाई करत होतो. आत वाफ राहिली आणि डाग दिला तर फ्लोट हातातच फुटेल, असे सांगून तुम्ही मला परत पाठवलेत. तिसऱ्या दिवशी सोल्डरचा एवढासा थेंब लावलात आणि जास्तीचा कानशीने घासून काढलात, कारण फ्लोटचे वजन वाढले तर काटा पुन्हा कमी दाखवणार. वडील मागावर असताना तुटलेला धागा गाठ न दिसेल असा जोडत, असे तुम्ही बोलता बोलता सांगितलेत; ती कानस चालताना मला तेच दिसत होते.

जुन्या रबरी वॉशरच्या जागी इथेनॉल सोसणारा वॉशर घाला, हा तुमचा आग्रहही योग्यच होता. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि गाडी १९७१ची आहे. उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलबद्दल तक्रार कशी करायची, असे मी म्हणालो तेव्हा तुम्ही पहिल्यांदा हसलात.

शेवटी तो जुना सेन्सर बसवून, रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर पेट्रोल ओतून, दर वेळी काटा स्थिरावेपर्यंत थांबून, त्याची जागा तुम्ही लग्नपत्रिकेच्या पाठीवर टिपून दिलीत. सुमारे ५४ लिटरच्या टाकीत काटा पाव खुणेवर असताना १३ लिटर उरतात, हे आता मला त्या पत्रिकेमुळे ठाऊक आहे. ती मी डॅशबोर्डच्या खणात आतून चिकटवली आहे. या सगळ्याचे तुम्ही सांगितलेले पैसे त्या परदेशी सेन्सरच्या टपालखर्चाहूनही कमी होते, आणि मी जास्त द्यायला गेलो तर तुम्ही नोटा मोजून परत केल्यात. अण्णा, ते मला थोडे लागले; पण तुमच्या शेडमध्ये तुमचाच हिशोब चालणार, हे मान्य आहे.

गेल्या रविवारी आईला घेऊन पुन्हा तुळजापूरला गेलो होतो. काटा पत्रिकेवरच्या खुणांप्रमाणे उतरत होता, आणि तामलवाडीजवळ आईने सवयीने त्याच्याकडे पाहून विचारले, “आहे ना रे?” या वेळी मी आकडा सांगितला.

वाकलेल्या दांड्याचा तो नवा सेन्सर माझ्याकडेच आहे. हाताखालच्या पोरांना दाखवायला तो हवा, असे तुम्ही म्हणाला होतात. शनिवारी संध्याकाळी घेऊन येतो.

आपला ऋणी,
एमजीबीवाला
सोलापूर