फ्यूजच्या झाकणातला पुठ्ठा : एका वायरिंगवाल्या वस्तादांस पत्र

आदरणीय वस्ताद,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका, असे तुम्ही बजावले होते, म्हणून हे पत्र जाहीर असले तरी बिननावाचेच राहील. पैसे चुकते केले की व्यवहार संपतो, असे मी आजवर समजत आलो; तुमच्या बाबतीत मात्र हिशेब मिटूनही काहीतरी द्यायचे राहून गेले आहे, ही रुखरुख बॉनेट उघडताना दर वेळी लागते.

तुमच्याकडे येण्यापूर्वी माझ्या गाडीवर तीन जणांनी हात साफ करून घेतले होते. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा जागच्या जागी असायचा आणि गर्दीत अडकलो की लाल पट्टीकडे सरकायचा, एवढी साधी तक्रार होती. पहिल्याने थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्याने रेडिएटर, आणि रेडिएटरला हवा देणाऱ्या पंख्यांकडे पाहून दोघांनीही ‘फिरतायत की’ एवढेच निदान केले. तिसऱ्याने ‘पंखे डायरेक्ट करून देतो’ म्हणत बॅटरीपासून एक बारीक वायर डॅशबोर्डवरच्या साध्या स्विचमधून पंख्यांपर्यंत नेली. फ्यूज वारंवार उडू लागला तेव्हा त्याच्या जागी जास्त अँपिअरचा घातला, आणि स्विच हाताला चटका देतो असे सांगितल्यावर, गाडी जुनी झाली की असे व्हायचेच, असे ऐकवले. फ्यूज हा वायर जळू नये म्हणून असतो, हे मला ठाऊक नव्हते तर चालण्यासारखे होते. त्याला ठाऊक असायला हवे होते.

तुम्ही एकही भाग न बदलता आधी मल्टिमीटर काढलात, आणि पंखे चालू ठेवून मोजलेत. सगळी मेख इथेच होती, कारण कनेक्टर काढून मोजले तर वायर कितीही कुचकामी असली तरी व्होल्टेज पुरेपूर दिसते; प्रवाह वाहू लागला की मगच ते कुठे खाल्ले जाते, हे उघडे पडते. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि पंख्यापाशी १०.४. मधले ३.४ व्होल्ट ती बारीक वायर, तो स्विच आणि गंजलेले अर्थिंग यांनी मिळून गिळले होते. १८ अँपिअरच्या प्रवाहाला ही गळती सुमारे ६० वॅटची होते, म्हणजे गाडीत कायमचे एक सोल्डरिंग आयर्न तापत ठेवल्यासारखेच. पंखे फिरत होते हे खरे, पण पुरेशा वेगाने नाही. धावत्या गाडीला समोरून येणारी हवा सांभाळून घेत होती, थांबलेल्या गाडीला सांभाळणारे कोणी नव्हते.

नव्या वायरिंगचे तपशील येथे मांडत बसत नाही. प्रत्येक पंख्याला स्वतंत्र रिले, म्हणजे थोड्याशा प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, आणि स्वतंत्र फ्यूज मिळाला, आणि डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आता केवळ रिलेच्या कॉइलपुरता, अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो. त्या स्विचने पंखे बंदही करता यावेत, हा माझा हट्ट तुम्ही मानला नाहीत. माणसाला ते लवकर चालू करता यावेत, पण तापमानाच्या सेन्सरने लावलेले पंखे बंद करता येऊ नयेत, कारण माणूस विसरतो, असे तुम्ही म्हणालात. मी पूर्वी एकदा स्विच लावायला विसरलो होतो, हे तेव्हा सांगितले नव्हते, आता सांगतो.

पण मला खरे लिहायचे आहे ते त्या पुठ्ठ्याबद्दल. काम संपले, मी पाकीट काढले, तर तुम्ही ‘थांबा’ म्हणत रिलेच्या खोक्याचा पुठ्ठा फाडलात आणि कोऱ्या बाजूवर सगळे सर्किट काढलेत. रिलेच्या टोकांचे क्रमांक घालून, ३० वर कोणती वायर, ८७ वरून कुठे, ८५ आणि ८६ कशाला जोडले, वायरींचे रंग, फ्यूजचे अँपिअर, तारीख. मूळ वायर कुठेही कापलेली नाही, तिचे टोक अमुक जागी बांधून ठेवले आहे, अशीही एक ओळ. मग वरून पारदर्शक टेप लावून तो फ्यूजबॉक्सच्या झाकणात आतून चिकटवलात. हे कशासाठी, असे मी विचारले, तर म्हणालात, ‘उद्या दुसऱ्या कोणी हे उघडले, तर त्याने मला शिव्या घालू नयेत.’

आधीच्या मिस्त्रीने सगळीकडे एकाच लाल रंगाची वायर वापरून वर काळी टेप गुंडाळली होती. गिऱ्हाईक फिरून त्याच्याच दारी यावे, अशी ती तजवीज असावी. तुमच्यावाचून माझे अडू नये, याची सोय तुम्ही स्वतःच केलीत. हुशार कारागीर भेटतात, मेहनतीही भेटतात. आपल्या माघारी त्याच कामाला हात घालणाऱ्या अनोळखी माणसासाठी स्वतःची दहा मिनिटे खर्च करणारे विरळा. प्रामाणिक माणूस म्हणजे कमी पैसे घेणारा, असे आपण उगाच धरून चालतो. तुम्ही पैसे पुरेपूर घेतलेत, आणि ते योग्यच होते.

मागच्या महिन्यात लांबच्या प्रवासात एक पंखा बंद पडला. दुसरा चालू असल्यामुळे गाडी कशीबशी एका अनोळखी गॅरेजपर्यंत नेता आली. तिथल्या मुलाने झाकण उघडले, पुठ्ठा वाचला, दोन्ही रिले अदलाबदल करून पाहिले आणि बिघडलेला बाजूला काढला. वायरीला हातही लावला नाही. निघताना त्याने पुठ्ठ्याचा फोटो काढून घेतला. शिव्या कोणी घातल्या नाहीत, हे तुम्हाला कळवायचे होते. टेपखाली तेल शिरल्यामुळे ८७ पुढची अक्षरे मात्र पुसट होत चालली आहेत. पुढच्या वेळी येईन तेव्हा ती तुमच्याच हाताने पुन्हा लिहून द्यावीत, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक गाडीमालक